मागं चालणारी कामं हातातून निसटू नयेत म्हणून: पायथनमधल्या बॅकग्राउंड टास्कवर ताबा ठेवण्याची पद्धत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. दर ३० सेकंदांनी मागांवरच्या काउंटरचे आकडे वाचायचे, ते डेटाबेसात टाकायचे, गाडी भरली की व्यापाऱ्याला मेसेज पाठवायचा आणि रात्री दिवसभराच्या उत्पादनाची पीडीएफ करून ठेवायची. भाषा पायथन, सोबत असिंकआयओ (अनेक कामं आलटून पालटून चालवणारी पायथनची लायब्ररी), आणि चारही कामं एकाच प्रोसेसमध्ये शेजारी शेजारी.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेच्या दिवसांत त्यातलं मेसेजचं काम बंद पडलं. प्रोग्रॅम मात्र चालूच होता. आकडे येत होते, पीडीएफ बनत होती, ऑफिसातल्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं. दोन दिवसांनी एका व्यापाऱ्याचा फोन आला, "माल निघाला की नाही?", तेव्हा कळलं. मेसेज सेवेकडून एकदा रिकामं उत्तर आलं होतं, माझा कोड त्यातून ऑर्डर क्रमांक काढायला गेला, एक्सेप्शन (कोड चालताना उठलेली चूक) आलं आणि तो टास्क, म्हणजे ते मागं चालणारं काम, तिथंच संपला. कुणाला काही न कळवता.

मी कारखान्यात बसून लॉग चाळत होतो. तिथले जॉबर (मागांची देखभाल करणारे मिस्त्री), त्यांना सगळे अण्णा म्हणतात, शेजारी येऊन उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. आणि थांबला की मला नुसत्या आवाजावरनं कळतं. तुमचं ते थांबलं तर कुणाला कळतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना जे शिकलो, ते इथं क्रमानं मांडतो आहे. पायथन ३.११ किंवा त्यापुढची आवृत्ती गृहीत धरली आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. क्रिएट टास्कसारख्या नावांत कोड लिहिताना मध्ये अंडरस्कोअर येतो, एवढं ध्यानात ठेवा.

आधी कागद घ्या

कोडला हात लावण्याआधी प्रोग्रॅममधल्या प्रत्येक मागं चालणाऱ्या कामाची एक ओळ लिहा. त्यात पाच गोष्टी हव्यात. हे काम कोण सुरू करतं? ते कधीतरी संपणारं आहे की कायम चालणारं? ते मोडलं तर बाकीच्यांनी थांबायचं की चालू राहायचं? ते थांबवायचं कसं? आणि अर्ध्यात थांबलं तर काय बिघडतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. माझ्या चार कामांत आकडे वाचणं अर्ध्यात तुटलं तरी काही बिघडत नाही, पुढच्या ३० सेकंदांत नवा आकडा येतोच. डेटाबेसातली नोंद ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही अशा व्यवहारात) असेल तर तीही सुरक्षित. पीडीएफ अर्धी लिहिली गेली तर सकाळी मालकांच्या हाती फाटकी फाइल पडते. मेसेज अर्ध्यात तुटला तर तो गेला की नाही हेच कळत नाही. चारही कामं दिसायला सारखी, पण प्रत्येकाला थांबवायची रीत वेगळी ठेवावी लागली.

टास्क सुरू केला की त्याला धरून ठेवा

क्रिएट टास्क हे फंक्शन नुसतं बोलावून परत आलेली वस्तू सोडून देणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. इव्हेंट लूप, म्हणजे सगळे टास्क आळीपाळीनं चालवणारा असिंकआयओचा गाभा, टास्ककडे फक्त कच्चा संदर्भ (वीक रेफरन्स) ठेवतो. तुमच्या कोडमध्ये त्याला कुणीच धरलेलं नसेल, तर मेमरीतला कचरा वेचणारी यंत्रणा (गार्बेज कलेक्टर) चालू टास्कसुद्धा उचलून नेऊ शकते. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच ही सूचना आहे.

उपाय असा. मोड्यूलच्या पातळीवर एक सेट ठेवा, प्रत्येक नवा टास्क त्यात घाला आणि टास्क संपला की तो सेटमधून काढणारा कॉलबॅक (वेळ आली की आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन) ॲड डन कॉलबॅकनं जोडा. एवढं बहुतेक जण करतात आणि थांबतात.

पण यात एक बारीक खाच आहे, आणि मी तिच्यातच अडकलो होतो. टास्कमध्ये एक्सेप्शन आलं की ते टास्कच्या पोटात साठून राहतं. कुणी त्या टास्कची अवेटनं वाट पाहिली, तर ते बाहेर येतं. कुणीच पाहिली नाही, तर टास्क मेमरीतून काढला जातो त्या वेळी "एक्सेप्शन कुणी घेतलंच नाही" अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये पडते. आता विचार करा, काढणारा कॉलबॅक न जोडता टास्क यादीत कायमचा धरून ठेवला असेल तर? तो मेमरीतून जाणारच नाही, म्हणजे ती ओळही प्रोग्रॅम बंद होईपर्यंत पडणार नाही. माझ्याकडे नेमकं हेच झालं. टास्क हरवू नये म्हणून यादीत ठेवला, आणि त्या यादीनंच त्याचं मरण झाकून ठेवलं.

म्हणून कॉलबॅकमध्ये तीन गोष्टी याच क्रमानं करा. टास्क सेटमधून काढा. तो रद्द झालेला आहे का हे कॅन्सल्डनं विचारा आणि असेल तर तिथूनच परत फिरा. मग एक्सेप्शन या मेथडनं चूक विचारा आणि असेल तर पूर्ण ट्रेसबॅकसह (चूक कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) लॉग करा. क्रम उलटा केलात तर रद्द झालेल्या टास्कला चूक विचारताच कॅन्सल्ड एरर तुमच्याच कॉलबॅकमध्ये फुटेल.

टास्क तयार करताना नेम या आर्ग्युमेंटमध्ये नाव द्यायला विसरू नका. लॉगमध्ये "टास्क-१७ मोडला" दिसण्यात आणि "मेसेज-पाठवणारा मोडला" दिसण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो.

शक्य तिथं टास्क ग्रुप वापरा

सेट आणि कॉलबॅक ही डागडुजी झाली. पायथन ३.११ मध्ये आलेला टास्क ग्रुप हा खरा पाया आहे. असिंक विथ लिहून एक ब्लॉक उघडायचा आणि सगळे टास्क त्याच्या आत सुरू करायचे. आतला शेवटचा टास्क संपेपर्यंत तो ब्लॉक बंदच होत नाही. कुणी मागं राहत नाही आणि कुणाची चूक गिळली जात नाही. ही कल्पना नॅथॅनियल स्मिथ यांच्या ट्रायो या लायब्ररीतल्या नर्सरीतून आली आहे.

गड्ड्याच्या मिरवणुकीत नंदीध्वज पेलणारा थकला की दुसरा पुढं होतो, पण ध्वज कुणाच्याच अंगावर नाही असा क्षण कुणी येऊ देत नाही. टास्कचंही तसंच असावं. मालकी एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे गेली तर चालेल, बेवारस झालेली चालणार नाही.

टास्क ग्रुपचा नियम मात्र कडक आहे. एकात चूक आली की तो बाकीचे सगळे रद्द करतो आणि चुकांचा गठ्ठा एक्सेप्शन ग्रुप म्हणून वर पाठवतो. तो पकडायला एक्सेप्टपुढं तारांकन लावलेली वाक्यरचना वापरावी लागते. एकाच कामाचे चार तुकडे समांतर चालत असतील तर हा नियम अगदी योग्य. पण मेसेज सेवा अडखळली म्हणून मागांचे आकडे वाचणं बंद पडावं, हे मला नको होतं. त्यासाठी पुढची पायरी.

प्रत्येक कायमच्या कामाला एक राखणदार

कायम चालणारं काम थेट ग्रुपमध्ये टाकू नका. त्याच्याभोवती एक छोटं फंक्शन ठेवा. मी त्याला राखणदार म्हणतो. त्याची रूपरेषा अशी:

विराम = १ सेकंद, सलग चुका = ०
कायम फिरत राहा:
– सुरुवातीची वेळ टिपा आणि काम चालवा
– काम चूक न देता परत आलं, तरी ती चूकच समजा आणि नोंदवा
– एक्सेप्शन आलं तर ट्रेसबॅकसह नोंदवा
– काम ५ मिनिटांपेक्षा जास्त नीट चाललं असेल तर विराम पुन्हा १, सलग चुका ०
– सलग चुका १ ने वाढवा. १० झाल्या तर चूक वर फेका
– विरामाएवढं, अधिक थोडं यादृच्छिक, थांबा
– विराम दुप्पट करा, पण ६० सेकंदांच्या वर नेऊ नका

दुसरी ओळ वाचून काहींना नवल वाटेल. कायम चालायला हवं ते काम शांतपणे रिटर्न झालं, म्हणजे कुठंतरी लूपमधून चुकून ब्रेक झालाय. हे एक्सेप्शनपेक्षा वाईट, कारण लॉगमध्ये काहीच उमटत नाही.

विराम दुप्पट करण्याचं कारण उघड आहे. समोरची सेवा आधीच दमलेली असताना आपण दर सेकंदाला दार ठोठावू नये. यादृच्छिक भर घालायची ती अनेक टास्क एकाच क्षणी पडले तर सगळे पुन्हा एकाच क्षणी उठू नयेत म्हणून.

सलग १० चुकांनंतर हार मानणंही मी मुद्दाम ठेवलंय. पासवर्ड चुकला असेल तर हजार वेळा प्रयत्न करूनही तो बरोबर होणार नाही, उलट खातं बंद होईल. चूक वर गेली की टास्क ग्रुप सगळ्यांना रद्द करतो, प्रोसेस चुकीच्या कोडसह संपते आणि सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) तिला पुन्हा उठवतो. त्यासाठी सर्व्हिस फाइलमध्ये रिस्टार्टची किंमत ऑन-फेल्युअर ठेवा. सिस्टमडी थोड्या वेळात पुनःपुन्हा पडणाऱ्या सर्व्हिसला उठवणं थांबवतो, तेव्हा त्या स्थितीचाही इशारा कुणाच्या तरी फोनवर जायला हवा.

राखणदारात एक्सेप्शन पकडताना फक्त एक्सेप्शन हा वर्ग पकडा. पायथन ३.८ पासून कॅन्सल्ड एरर त्याखाली येत नाही, बेस एक्सेप्शनखाली येतो. म्हणून तो आपसूक वर जातो आणि टास्क खरंच थांबतो. कुणी वर्गाचं नाव न लिहिता उघडा एक्सेप्ट लिहिला असेल, तर रद्द करण्याची सूचनाही तो गिळून टाकेल आणि टास्क मजेत पुढं चालत राहील. जुन्या कोडमध्ये मी आधी हेच शोधतो.

एकानं सगळ्यांना अडवू नये

एक विणकर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. एकाच मागापाशी तो अर्धा तास अडकला, तर बाकीच्यांवर काय चाललंय ते बघणारं कुणी उरत नाही. इव्हेंट लूपही असाच एकटा आहे. टास्क अवेटपाशी पोचतो तेव्हाच लूपचे हात मोकळे होतात. त्यामुळे असिंक फंक्शनमध्ये टाइम मोड्यूलचं साधं स्लीप, अवेट नसलेली नेटवर्क लायब्ररी किंवा जड हिशेब असला, तर सगळेच टास्क ताटकळतात. असिंकआयओचा डीबग मोड चालू केला, तर १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवणारी प्रत्येक जागा लॉगमध्ये दिसते. चाचणीच्या मशिनवर तो कायम चालू ठेवा.

माझी पीडीएफ बनवणारी लायब्ररी अडवणारी होती. ती मी टू थ्रेड या फंक्शननं वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोसेसमधल्या समांतर धाग्यात) नेली. लूप मोकळा झाला, पण नवी अट आली: थ्रेड बाहेरून रद्द करता येत नाही. टास्क रद्द केला की तुमची वाट पाहणं संपतं, थ्रेडमधलं काम मात्र चालूच राहतं. प्रोग्रॅम बंद होतानाही रन फंक्शन त्या थ्रेडची वाट बघत बसतं. म्हणून थ्रेडमध्ये लांब काम करायचं असेल तर त्याला थ्रेडिंग मोड्यूलचा एक इव्हेंट द्या आणि प्रत्येक पानानंतर तो सेट झालाय का ते तपासायला लावा. थ्रेडचा कोड दुसऱ्याच कुणाचा असेल आणि त्यात असं तपासता येत नसेल, तर ते काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. प्रोसेसला आधी टर्मिनेट, थोडी वाट, आणि नाहीच ऐकलं तर किल करता येतं.

रांगेला काठ हवा

असिंकआयओच्या क्यूला मर्यादा दिली नाही तर ती अमर्याद वाढते. मेसेज सेवा दोन तास बंद असेल तर रांग फुगत जाते, आणि प्रोसेस पडली की मेमरीतलं सगळं जातं. मॅक्ससाइज द्या, माझ्याकडे २०० आहे. रांग भरली की पुट करणारा थांबतो आणि वेग आपोआप जुळतो. जे हरवून चालणार नाही ते मात्र रांगेत नव्हे, डेटाबेसात ठेवा. रांगेत फक्त क्रमांक फिरवा. एकाच वेळी किती मेसेज जावेत याला सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारी सोय) पुरतो.

ठरावीक अंतरानं चालणाऱ्या कामात "काम करा, ३० सेकंद झोपा" असं लिहिलं आणि काम ५ सेकंदांचं असलं, तर फेरी ३५ सेकंदांची होते आणि घड्याळ सरकत जातं. पुढच्या फेरीची वेळ लूपच्या टाइम मेथडवरून आधीच काढा आणि उरलेलाच वेळ झोपा.

थांबवणं: इथं घाई करू नका

सुरू करायला एक ओळ लागते. थांबवायला माझा एक आठवडा गेला, आणि तो वाया गेला नाही.

कॅन्सल ही मेथड टास्कला मारत नाही. लूपच्या पुढच्या फेरीत टास्क ज्या अवेटपाशी थांबलेला आहे तिथं कॅन्सल्ड एरर टाकायची सोय तेवढी ती करते. टास्कनं ती पकडली, आवरासावर केली आणि पुन्हा फेकली, तर तो रद्द होतो. म्हणून कॅन्सल केल्यावर टास्कची वाट पाहणं बंधनकारक समजा. गॅदरमध्ये रिटर्न एक्सेप्शन्स खरं ठेवून सगळ्यांची एकत्र वाट पाहता येते. आणि एक लक्षात असू द्या: अजून सुरूच न झालेला टास्क रद्द केला, तर त्याचं शरीर एकदाही चालत नाही, म्हणजे त्यातला फायनली ब्लॉकही चालत नाही. टास्कच्या आत मोकळी करायची वस्तू टास्कच्या बाहेर उघडली असेल, तर ती उघडीच राहते.

दुसरा मार्ग विनंतीचा. असिंकआयओचा एक इव्हेंट ठेवा, नाव "थांबा". प्रत्येक टास्क आपलं हातातलं काम पुरं करून तो बघतो आणि बाहेर पडतो. नुसतं झोपण्याऐवजी वेट फॉर वापरून त्या इव्हेंटची उरलेल्या वेळापुरती वाट पाहा. वेळ संपली तर टाइमआउट एरर येईल, म्हणजे पुढची फेरी. इव्हेंट आला तर लगेच बाहेर. ३० सेकंद झोपेतून उठण्याची वाट पाहावी लागत नाही.

माझी वाटणी अशी आहे. आकडे वाचणाऱ्याला सरळ कॅन्सल. मेसेज पाठवणाऱ्याला आधी विनंती, आणि मुदत संपली तरच कॅन्सल. बंद होण्याचा क्रम याच वाटणीतून निघतो:

१. नवं काम आणणारे टास्क आधी थांबवा.
२. "थांबा" इव्हेंट सेट करा आणि रांगेतलं उरलेलं काम करणाऱ्यांना ठरावीक मुदत द्या.
३. मुदत संपल्यावर जे उरले त्यांना कॅन्सल करा आणि त्यांची वाट पाहा.
४. सगळ्यात शेवटी डेटाबेसची जोडणी बंद करा.

पहिल्यांदा मी जोडणी आधी बंद केली होती. शेवटचा मेसेज गेला, पण त्याची नोंद करायला डेटाबेस नव्हता, आणि पुन्हा सुरू झाल्यावर तोच मेसेज परत गेला.

मुदत किती द्यायची हे तुमच्या हाती पूर्ण नसतं. सिस्टमडी सिगटर्म (थांबण्याची सूचना देणारा सिग्नल) पाठवून साधारणपणे ९० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल (प्रोसेस जागीच मारणारा सिग्नल) देतो. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनांपैकी डॉकर लिनक्स कंटेनरला १० सेकंद देतो, कुबरनेटीस ३० सेकंद. ही मूळ सेटिंग आहेत, ती बदलता येतात. तुमची आतली मुदत त्यापेक्षा ठळकपणे कमी ठेवा. मी सिस्टमडीवर २० सेकंद ठेवली आहे. सिगटर्म पकडायला लूपची ॲड सिग्नल हँडलर ही मेथड आहे, पण ती युनिक्स जातीच्या सिस्टिमवरच चालते. विंडोजवर चालवायचं असेल तर कंट्रोल-सी आल्यावरचा मार्ग वेगळा लिहावा लागतो.

मेसेज पाठवणं आणि "गेला" अशी नोंद करणं यांच्या मधोमध कॅन्सल आलं तर? शील्ड या फंक्शननं आतलं काम वाचवता येतं, पण वाट पाहणाऱ्याला कॅन्सल्ड एरर येतोच, आणि आतल्या टास्कला स्वतंत्रपणे धरून न ठेवल्यास तो पुन्हा बेवारस. माझा भर नोंदींवर आहे. पाठवण्याआधी त्या ओळीवर "पाठवतोय" लिहायचं, उत्तर आल्यावर "गेला". सुरू होताना "पाठवतोय" वर अडकलेल्या ओळी सापडल्या, तर आपल्या ऑर्डर क्रमांकावरून सेवेकडे चौकशी करायची आणि मगच ठरवायचं.

हे शील्डपेक्षा का बरं? कारण उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएसनं हात टेकले, तर सिगटर्म येतच नाही. सगळं एका क्षणात बंद. तिथं फक्त डिस्कवर आधी लिहिलेलंच कामाला येतं. पीडीएफही याच कारणानं त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं लिहून, पुरी झाल्यावर ओएस मोड्यूलच्या एफसिंकनं डिस्कवर उतरवून मग रिप्लेसनं खऱ्या नावावर आणतो. बघणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी, अर्धी कधीच नाही.

अण्णांचा प्रश्न

टास्क जिवंत आहे एवढ्यानं काम होतंय असं ठरत नाही. नेटवर्कची वाट बघत दोन दिवस अडकलेला टास्कही जिवंतच असतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक हाकेला टाइमआउट द्या. ३.११ पासून त्यासाठी टाइमआउट नावाचा ब्लॉक आहे, तो वाचायला सोपा. आणि प्रत्येक टास्कला आपल्या शेवटच्या यशस्वी फेरीची वेळ टिपायला लावा. एक वेगळा टास्क दर मिनिटाला त्या वेळा तपासतो. आकडे वाचणाऱ्याला ९० सेकंदांच्या वर, मेसेजवाल्याला रांगेत काम असताना ५ मिनिटांच्या वर झाले, की इशारा. हा पहारेकरी स्वतःच पडला तर काय, यासाठी त्याच्याकडूनच सिस्टमडीच्या वॉचडॉगला ठोका जातो. ठोका थांबला की सिस्टमडी अख्खी प्रोसेस पुन्हा उठवतो. त्यासाठी सर्व्हिस फाइलमध्ये वॉचडॉगसेकची वेळ द्यावी लागते.

हा इशारा आधी माझ्या एकट्याच्या फोनवर यायचा. आता मागांच्या शेडमध्ये एक लाल दिवाही लावला आहे, जॉबरांच्या टेबलासमोर.

मोडून बघा

सगळं लिहून झाल्यावर मी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, चाचणी घेतो. मेसेज सेवेच्या जागी मुद्दाम रिकामं उत्तर देणारा नकली सर्व्हर ठेवतो. मग उत्तरच न देणारा. मग रांग भरलेली असताना सिगटर्म पाठवतो आणि २० सेकंदांत प्रोसेस संपते का ते बघतो. मग पीडीएफ बनत असताना थेट सिगकिल. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून डेटाबेसात तीन गोष्टी मोजतो: किती मेसेज दोनदा गेले, किती गेलेच नाहीत, किती "पाठवतोय" वर अडकून राहिले. तिन्ही आकडे शून्य येईपर्यंत नवा कोड मागांच्या मशिनवर जात नाही.

पहिल्या चाचणीत दोनदा गेलेले मेसेज चार होते. चौथ्या शुक्रवारी शून्य आले. त्या दिवशी अण्णांनी स्वतः येऊन मशिनची वायर उपटून बघितली.